ग्राफिक्स ड्रायव्हरला इंटरप्ट मिळत नसेल तर: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

नाशिकमधल्या सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत मशीनशेजारी ठेवलेले कॉम्प्युटर सहज दहा-पंधरा वर्षं जुने निघतात. ते धूळ खातात, तेलकट हातांनी चालतात, आणि चालतायत तोवर कुणी बदलत नाही. अशा कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून उत्पादनाचा फलक किंवा तपासणीच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं काम आलं, की एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘स्क्रीन अडकते.’ माऊसचा बाण फिरत असतो, पण मागचं चित्र अर्धा सेकंद थिजतं आणि मग एकदम उडी मारून पुढे जातं. मग रॅम बदलली जाते, एसएमपीएस बदलला जातो, एम. जी. रोडवरून नवी केबल येते. अडकणं तसंच राहतं.

अशा अडकण्यामागे बरेचदा हरवलेला किंवा चुकीच्या वेळी आलेला इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरने सीपीयूला मारलेली हाक, असतो. हार्डवेअरमधला दोष आपण दुरुस्त करू शकत नाही, पण ड्रायव्हरमध्ये त्याला वळसा घालता येतो. ज्यांना सी भाषा येते, लिनक्स वापरता येतं, पण कर्नलचा ड्रायव्हर कधी उघडलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना त्यांची नेहमीची रोमन रूपं वापरा.

आधी काम कसं चालतं ते

सीपीयू जीपीयूला, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपला, कामं देतो ती एका गोल रांगेत. या रांगेला ‘रिंग’ म्हणतात. प्रत्येक कामाला चढता क्रमांक असतो. काम संपलं की जीपीयू दोन गोष्टी करतो: ठरलेल्या मेमरीच्या जागेत तो क्रमांक लिहितो, आणि मग इंटरप्ट पाठवून सीपीयूला सांगतो की काहीतरी संपलं आहे, येऊन बघ. ड्रायव्हरचा हँडलर, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन, जागा होतो, मेमरीतला क्रमांक वाचतो, आणि त्या क्रमांकापर्यंतच्या कामांची वाट पाहणाऱ्या सगळ्यांना उठवतो. ‘हे काम संपलं का’ या प्रश्नाचं उत्तर जिच्यात साठवलेलं असतं, त्या कर्नलमधल्या वस्तूला ‘फेन्स’ म्हणतात.

नाशिककरांना हे समजावून सांगायला गोदावरी पुरते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की इशारा येतो. पण रामकुंडाजवळ पाणी खरोखर किती चढलं, हे कळतं दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून: पायाला लागलं, कमरेला लागलं, की गळ्याशी आलं. इंटरप्ट म्हणजे तो इशारा, आणि मेमरीतला क्रमांक म्हणजे मारुती. इशारा चुकू शकतो, उशिरा येऊ शकतो, पाणी पोचण्याआधीही येऊ शकतो. म्हणून निर्णय घ्यायचा तो मारुतीकडे बघूनच. पुढचा सगळा लेख या एका नियमावर उभा आहे: इंटरप्ट ही फक्त सूचना आहे, खरं उत्तर मेमरीत किंवा रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या नोंदीच्या जागेत, आहे.

दुसऱ्या प्रकारचा इंटरप्ट म्हणजे व्हीब्लँक. स्क्रीनची एक फेरी पूर्ण झाली की तो येतो. साठ हर्ट्झच्या स्क्रीनवर सेकंदाला ६० वेळा, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी. नवं चित्र कधी लावायचं ते त्यावर ठरतं. याचा उपाय वेगळा आहे, तो पुढे येईल.

पायरी १: दुखणं कुठलं ते ओळखा

चार दुखणी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. इथे घाई करणारा माणूस पुढे आठवडे घालवतो, म्हणून या पायरीवर वेळ द्या.

पहिलं: इंटरप्ट हरवतो. जीपीयूने काम संपवलं, क्रमांक लिहिला, पण सीपीयूला काही कळलंच नाही.

दुसरं: इंटरप्ट वेळेवर येतो, पण मेमरीतला क्रमांक सीपीयूला अजून दिसत नाही. हँडलर जुना क्रमांक वाचतो, ‘काही झालेलं नाही’ म्हणतो आणि परत झोपतो. बाहेरून हे अगदी पहिल्यासारखं दिसतं.

तिसरं: इंटरप्टचा पूर येतो. कुणीच ज्याला आपला म्हणत नाही असा इंटरप्ट पुन्हा पुन्हा येत राहतो.

चौथं: एक इंटरप्ट चुकला की त्यानंतरचे सगळेच बंद होतात. स्क्रीन कायमची थिजते, पण नेटवर्कवरून मशीनमध्ये शिरता येतं.

कर्नलचा लॉग ‘डीमेसेज’ने वाचा. तिसऱ्या दुखण्याची खूण सगळ्यात सोपी आहे: ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’ अशी ओळ, तिच्याखाली त्या लाइनवर, म्हणजे इंटरप्ट येण्याच्या त्या वाटेवर, नोंदवलेल्या हँडलरांची यादी, आणि शेवटी ‘डिसेबलिंग आयआरक्यू’. आकडा १६च असेल असं नाही. कर्नलचा हिशोब असा असतो: एका लाइनवरच्या एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाले, तर तो ती लाइन बंद करतो. त्यानंतर तिच्यावरच्या हँडलरांना तो सेकंदाला साधारण दहा वेळा हाक मारून बघतो. त्यामुळे मशीन मरत नाही, पण चित्र रखडत चालतं. ‘संध्याकाळपर्यंत बरं होतं, मग अचानक स्लो झालं’ अशी तक्रार असेल तर आधी ही ओळ शोधा. हँडलरांची यादी नीट वाचा. ती लाइन ग्राफिक्ससोबत यूएसबीचा किंवा आवाजाचा ड्रायव्हरही वापरत असेल, तर गुन्हेगार शेजारी असू शकतो.

पहिल्या दुखण्याची खूण एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये थेट छापली जाते: ‘फेन्स फॉलबॅक टायमर एक्स्पायर्ड ऑन रिंग’ आणि पुढे रिंगचं नाव. अर्धा सेकंद वाट पाहून ड्रायव्हरने स्वतः मेमरी वाचली, हा त्याचा अर्थ. सुरुवातीला सांगितलेलं अर्ध्या सेकंदाचं थिजणं नेमकं इथून येतं. व्हीब्लँकच्या बाबतीत ‘फ्लिप डन टाइम्ड आउट’ अशी ओळ दिसते; फ्लिप म्हणजे स्क्रीनवर नवं चित्र लावणं.

आता ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘इंटरप्ट्स’ ही फाइल वाचा. प्रत्येक ओळ म्हणजे एक इंटरप्ट, प्रत्येक सीपीयूला एक स्तंभ, आणि शेवटी ड्रायव्हरचं नाव: इंटेलला ‘आय ९१५’, एएमडीला ‘एएमडीजीपीयू’ किंवा जुन्या कार्डांना ‘रेडिऑन’, एनव्हिडियाच्या मुक्त ड्रायव्हरला, म्हणजे ‘नूव्हो’ला, ‘एनव्हीकेएम’. त्याच ओळीत ‘पीसीआय-एमएसआय’ किंवा ‘आयओ-एपिक’ लिहिलेलं असतं. ते टिपून ठेवा, पुढच्या पायरीला लागणार आहे. मग स्क्रीनवर काहीतरी हलतं ठेवा, जीएलएक्सगिअर्सची फिरती चाकंही चालतील, आणि दहा सेकंदांच्या अंतराने फाइल दोनदा वाचा. आकडा वाढतोय का, किती वाढतोय, ते पाहा.

इथे नवशिके एका ठिकाणी फसतात. स्क्रीन स्थिर असेल तर आकडा वाढत नाही, आणि ते बरोबरच आहे. कुणी मागितलं नसेल तर कर्नल काही वेळाने व्हीब्लँकचा इंटरप्ट स्वतःच बंद करतो. ही मुदत नेहमीच्या मांडणीत ५००० मिलिसेकंद असते. तेव्हा निश्चल स्क्रीनवर मोजून ‘इंटरप्ट येतच नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

पहिलं आणि दुसरं दुखणं वेगळं करायला ट्रेसिंग लागतं. ‘ट्रेस-सीएमडी’ वापरून ‘आयआरक्यू’ आणि ‘डीएमए-फेन्स’ या दोन गटांतल्या घटना नोंदवा, आणि अडकण्याचा क्षण नोंदीत सापडेपर्यंत चालू ठेवा. त्या क्षणाआधी ग्राफिक्सच्या हँडलरमध्ये प्रवेश झाल्याची नोंदच नसेल, तर इंटरप्ट हरवला. प्रवेश झाला आहे पण फेन्स पूर्ण झाल्याची नोंद त्याच्यामागोमाग नाही, तर इंटरप्ट आला आणि क्रमांक मागे राहिला. हा फरक कागदावर लिहून ठेवा. कॉलेजात प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना मी आधी हा कागद मागतो, कोड नंतर.

पायरी २: कोडला हात न लावता तपासा

बोर्डाला कार्डं जोडायच्या जुन्या पीसीआय पद्धतीत इंटरप्टसाठी चार सामाईक लाइनी असतात. लाइन जोवर दाबून धरलेली आहे तोवर इंटरप्ट ‘चालू’ राहतो. एमएसआय ही नंतरची पद्धत: तिच्यात वेगळी तार नसते, कार्ड एका ठरलेल्या पत्त्यावर एक छोटा संदेश लिहितं आणि तोच इंटरप्ट. संदेश एकदाच जातो. तो हरवला तर पुन्हा येत नाही. एमएसआय वेगवान आणि एरवी चांगली आहे, पण काही चिपसेटांवर ती मोडकी निघाली. म्हणून पहिली चाचणी एमएसआय बंद करून बघण्याची.

बूट होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पर्याय जोडा आणि बूट करा. असा बदल त्या एका बूटपुरताच राहतो. बिनधास्त करून बघा.

‘रेडिऑन.एमएसआय=०’, ‘एएमडीजीपीयू.एमएसआय=०’, किंवा नूव्होसाठी ‘नूव्हो.कॉन्फिग=एनव्हीएमएसआय=०’ हे पर्याय फक्त त्या ड्रायव्हरपुरते आहेत, म्हणून ते आधी. ‘पीसीआय=नोएमएसआय’ हा सगळ्या मशीनची एमएसआय बंद करतो; डिस्क आणि नेटवर्कही जुन्या लाइनींवर येतात. निदानासाठी तो ठीक आहे, पण कारखान्यातल्या मशीनवर कायमचा ठेवू नका. ‘आयआरक्यूपोल’ हा बेवारस इंटरप्टांसाठी आहे: बेवारस इंटरप्ट आला की, आणि घड्याळाच्या प्रत्येक इंटरप्टलाही, कर्नल सगळ्या हँडलरांना विचारत सुटतो. पूर कुठून येतो ते शोधताना तो कामाला येतो, पण सीपीयू त्यात खूप खर्च होतो.

बूट झाल्यावर ‘एलएसपीसीआय’ला दोनदा ‘व्ही’ देऊन चालवा. ग्राफिक्स कार्डाखाली एमएसआयच्या ओळीत ‘एनेबल’पुढे अधिक आहे की उणे, ते पाहून पर्याय खरंच लागू झाला याची खात्री करा. एका अक्षराची चूक असली तरी कर्नल बहुधा काही न बोलता पुढे जातो.

एमएसआय बंद करताच अडकणं थांबलं, तर उत्तर जवळपास मिळालं: सरळ पायरी ६ कडे जा. काहीच फरक पडला नाही, तर आता ड्रायव्हर उघडावा लागेल.

पायरी ३: हँडलर वाचा

कर्नलच्या स्रोतात ‘ड्रायव्हर्स’, त्यात ‘जीपीयू’, त्यात ‘डीआरएम’ हा फोल्डर आहे. तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर तिथे सापडेल. ‘आयआरक्यू’ असं नाव असलेल्या फाइलीपासून सुरुवात करा. हँडलरमध्ये या गोष्टी तपासा.

परत काय दिलं जातं? इंटरप्ट आपला नसेल तर ‘आयआरक्यू नन’, आपला असेल तर ‘आयआरक्यू हँडल्ड’. सामाईक लाइनीवर आपला नसलेला इंटरप्ट आपला म्हणून सांगितला, तर पूर कुठून येतोय हे कर्नलला कधीच कळत नाही. उलट चूक केली, तर चांगली लाइन बंद पडते.

रजिस्टर वाचल्यावर सगळे बिट एक आले तर काय होतं? जीपीयू झोपलेला असताना किंवा पीसीआयवरून तुटलेला असताना त्याचं रजिस्टर वाचलं, की सगळे एक मिळतात. त्याला ‘सगळे इंटरप्ट एकदम आले’ असं समजणारा हँडलर भलत्याच गोष्टी करतो. या उत्तरावर काही न करता बाहेर पडायचं.

पोच, म्हणजे ‘इंटरप्ट मिळाला’ असं सांगून स्टेटस रजिस्टरमधला त्याचा बिट पुसणं, कधी दिली जाते? चौथ्या दुखण्याचं मूळ इथे असतं. एमएसआयमध्ये नवा संदेश जातो तो अवस्था शून्यावरून एकवर गेली तरच. समजा हँडलरने स्टेटस वाचलं, काम केलं, आणि पुसायला गेला. तेवढ्यात दुसरं काम संपून दुसरा बिट लागला. तो बिट लागलेलाच राहिला, तर अवस्था शून्यावर येतच नाही, आणि पुढचा संदेश कधीच निघत नाही. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये यावरची रीत पाहण्यासारखी आहे: हँडलरमध्ये शिरताच मुख्य इंटरप्ट बंद करायचा, स्टेटस वाचून पुसायचं, आणि शेवटी मुख्य इंटरप्ट पुन्हा चालू करायचा. मधल्या काळात काही शिल्लक राहिलं असेल, तर चालू करण्याच्या क्षणी नवी कड, म्हणजे शून्यावरून एकवर उडी, तयार होते आणि संदेश जातो. तुमच्या ड्रायव्हरमध्ये ही रीत नसेल, तर दोष हार्डवेअरचा नसून ड्रायव्हरचा असण्याची शक्यता मोठी आहे. वळसा घालण्याआधी हे तपासणं हा प्रामाणिकपणाचा भाग आहे.

रजिस्टरमध्ये लिहिल्यावर तेच परत वाचलं जातं का? पीसीआयवरचं लिखाण वाटेत थांबू शकतं. परत वाचल्याने ते कार्डापर्यंत पोचवलं जातं. ही एक ओळ नसल्याने पुसलेला इंटरप्ट पुन्हा उगवल्यासारखा दिसतो.

पायरी ४: वाट पाहण्याचा क्रम दुरुस्त करा

हरवलेल्या इंटरप्टवरचा वळसा वाट पाहणाऱ्या कोडमध्ये बसतो, हँडलरमध्ये नाही. क्रम असा ठेवा.

आधी इंटरप्ट चालू करा. मग मेमरीतला क्रमांक पुन्हा एकदा वाचा. काम झालं असेल तर झोपू नकाच. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी तपासलं आणि मग इंटरप्ट चालू केला, तर त्या दोन ओळींच्या मधल्या फटीत काम संपू शकतं आणि तुम्ही न येणाऱ्या इंटरप्टची वाट पाहत बसता. हार्डवेअरच्या नावावर खपणारे कितीतरी दोष या फटीतले असतात.

मग झोपा, पण मुदत लावून. मुदत संपून उठलात किंवा इंटरप्टने उठलात, दोन्ही वेळा मेमरी वाचा. मुदत संपली आणि मेमरी सांगते की काम केव्हाच झालं आहे, तर हाच तो हरवलेला इंटरप्ट. मोजणी एकने वाढवा, लॉगमध्ये एकदाच इशारा छापा, वाट पाहणाऱ्यांना उठवा आणि त्या रिंगसाठी टायमर सुरू करा. मेमरी सांगते की काम झालेलं नाही, तर मात्र जीपीयू खरोखर अडकला असू शकतो. तो प्रश्न वेगळा, त्याचा रस्ता रीसेटचा.

हा फरक न करणारा ड्रायव्हर नुसता इंटरप्ट चुकला तरी जीपीयू रीसेट करतो. मग चालू असलेली कामं वाया जातात आणि तपासणीच्या कॅमेऱ्याची खिडकीच बंद पडते. कारखान्याला अर्ध्या सेकंदाचं थिजणं एकवेळ चालेल, हे चालणार नाही.

क्रमांकांची तुलना करताना ‘मोठा की लहान’ असं सरळ विचारू नका. बत्तीस बिटांचा क्रमांक शेवटी शून्यावर परत येतो. दोघांची वजाबाकी करा, ती चिन्हासह पूर्णांक म्हणून घ्या आणि शून्यापेक्षा कमी आहे का ते बघा. दिवसरात्र चालणाऱ्या मशीनवर हे कधीतरी घडणारच.

पायरी ५: टायमर बसवा, पण मोजून

टायमर काय करतो? ठरावीक वेळाने उठतो, मेमरी वाचतो, पूर्ण झालेल्या फेन्स सोडवतो, आणि काम शिल्लक असेल तर स्वतःला पुन्हा लावतो. रिंग रिकामी झाली की थांबतो. रिकाम्या रिंगवर चालत राहणारा टायमर लॅपटॉपची बॅटरी खातो आणि सीपीयूला खोल झोपेत जाऊ देत नाही.

किती वेळाने उठवायचा हा खरा निवाडा आहे. एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये अर्धा सेकंद ठेवला आहे. तो शेवटचा आधार म्हणून ठीक आहे: मशीन बंद पडत नाही, आणि वापरणाऱ्याला काहीतरी बिघडल्याचं दिसतं. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये ‘मिस्ड इंटरप्ट सिंड्रोम’ असं म्हणून एक वेगळी सोय होती: इंटरप्ट चुकल्याचं एकदा लक्षात आलं, की त्यापुढे प्रत्येक जिफीला एक नकली इंटरप्ट, म्हणजे टायमर, वाट पाहणाऱ्याला उठवून मेमरी तपासायला लावायचा. जिफी म्हणजे कर्नलच्या घड्याळाची एक टिकटिक. कर्नल २५० हर्ट्झवर बांधला असेल तर ४ मिलिसेकंद, १००० वर असेल तर १.

मला ही दुसरी रीत जास्त पटते, आणि नव्या माणसाने तीच उचलावी असं माझं मत आहे. चांगल्या मशीनवर तिची किंमत जवळपास शून्य, आणि आजारी मशीनवर उशीर सरासरी अर्ध्या जिफीचा. ४ मिलिसेकंदांच्या जिफीला तो सुमारे २ मिलिसेकंद भरतो, १६.७ च्या फ्रेममध्ये सहसा खपून जातो. एकच पथ्य: रिंग वेगवेगळ्या मोजा. एका रिंगचे इंटरप्ट हरवतात म्हणून सगळ्यांवर टायमर लावू नका.

टायमरमधून आणि हँडलरमधून, दोन्हीकडून एकच फंक्शन बोलवा. त्याला दोनदा बोलावलं तरी बिघडता कामा नये, आणि आतलं कुलूप इंटरप्टच्या संदर्भातही, म्हणजे हँडलर चालू असतानाही, चालणारं हवं. टायमरसाठी फेन्स सोडवायचं वेगळं कोड लिहिलं, तर काही महिन्यांनी कुणीतरी एकच बाजू बदलेल.

क्रमांक मागे राहण्याच्या दुखण्यावर

दुसऱ्या दुखण्यावर टायमरही चालतो, पण त्याहून नेमका उपाय आहे: क्रमांक वाचण्याआधी तो मेमरीत पोचायला वेळ देणं. इंटेलच्या २०१० मधल्या आयर्नलेक पिढीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथे जीपीयूचं मेमरीतलं लिखाण आतल्या आत साठून राहतं, आणि ते कधी दिसेल याची हमी कुठलीच आज्ञा देत नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना प्रयोगातून दिसलं की किमान ७५ मायक्रोसेकंद थांबावं लागतं. त्यांनी क्रमांक वाचण्याआधी १२५ ते २५० मायक्रोसेकंदांची झोप घातली. अशी झोप इंटरप्टच्या संदर्भात घेता येत नाही, म्हणून ती वाट पाहणाऱ्याच्या बाजूला असते.

त्यानंतरच्या आयव्ही ब्रिज या इंटेलच्याच पिढीवर इंटरप्ट हरवत, पण कारण वेगळं निघालं. वाट पाहत असताना जीपीयूचा भाग वीज वाचवायला झोपला, की काही रिंगांचे इंटरप्ट जात. उपाय केला तो वाट पाहणं संपेपर्यंत त्याला जागं ठेवण्याचा. म्हणून अडकणं फक्त हलक्या कामात होतंय, भर कामात नाही, असं दिसलं तर विजेच्या बचतीवर संशय घ्या. वीजबचत बंद करून बघणं ही पाच मिनिटांची चाचणी आहे.

व्हीब्लँक हरवत असेल तर

इथे मेमरीत क्रमांक नसतो. पण बऱ्याच चिपांना स्क्रीनची चालू ओळ किंवा फ्रेमची मोजणी सांगणारं रजिस्टर असतं. तिथे मारुतीचं काम ते करतं. स्क्रीनच्या मोडवरून एका फ्रेमचा काळ काढा, तेवढ्याचा सूक्ष्म टायमर लावा, आणि प्रत्येक वेळी रजिस्टर वाचून टायमर पुढेमागे सरकवा. नुसत्या टायमरवर विसंबलात तर तो हळूहळू स्क्रीनपासून सरकतो आणि चित्र फाटलेलं दिसू लागतं. फ्लिप पूर्ण झाल्याची घटना पाठवायला मात्र कधीही विसरू नका. ती गेली नाही तर खिडक्या रंगवणारा प्रोग्राम कायमचा थांबून राहतो.

सरावासाठी हार्डवेअर लागत नाही. कर्नलमध्ये ‘व्हीकेएमएस’ नावाचा नकली डिस्प्ले ड्रायव्हर २०१८ पासून आहे, आणि त्याचा व्हीब्लँक टायमरवरच चालतो. त्याचा कोड छोटा आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये तो लावा, वाचा, मोडा, पुन्हा जोडा. गंगापूर रोडवरच्या आपल्या खोलीत बसून एवढं मुलांना सहज करता येतं, कुठलं कार्ड विकत घ्यावं लागत नाही.

पायरी ६: वळसा फक्त आजारी हार्डवेअरवर

‘एलएसपीसीआय’ला ‘एनएन’ दिलं की कार्डाचा आणि विक्रेत्याचा आयडी मिळतो. वळसा त्या आयडीपुरता, किंवा खात्री असेल तर त्या पिढीपुरता लावा.

इंटेलचं उदाहरण यासाठी शिकवणारं आहे, आणि कारखान्यांतल्या जुन्या बोर्डांशी त्याचा थेट संबंध आहे. ९४५ हा चिपसेट २००५ मधला. त्यातलं ग्राफिक्स ‘मला एमएसआय येते’ असं सांगतं, पण प्रसिद्ध कागदपत्रांप्रमाणे ती सोय त्यात नाहीच, आणि तपासताना ती नीट चाललीही नाही. ९६५ जीएमच्या दोषपत्रिकेत एमएसआयचे इंटरप्ट हरवू शकतात किंवा उशिरा येऊ शकतात असं लिहिलेलं होतं. त्यापुढच्या जी४एक्सवरही ते हरवताना दिसले, आणि एकदा हरवले की पुन्हा येतच नसत. मग ड्रायव्हरमध्ये पाचव्या पिढीआधीच्या (आयर्नलेक ही पाचवी) सगळ्या चिपांवर एमएसआय बंद ठेवली गेली, आणि ही सगळी कारणं तिथेच टिप्पणीत लिहून ठेवली गेली. ती टिप्पणी शोधून वाचा. वळसा कसा नोंदवावा याचा तो चांगला नमुना आहे: काय दिसलं, कुठल्या चिपवर, कागदपत्रं काय म्हणतात, आणि म्हणून काय केलं.

टिप्पणीशिवायचा वळसा दोन वर्षांनी कुणीतरी ‘अनावश्यक’ म्हणून काढून टाकतो, आणि अंबडमधली स्क्रीन पुन्हा अडकते.

पायरी ७: मुद्दाम मोडून तपासा

दोष दिवसातून एकदाच दिसत असेल, तर वळसा चालतो हे कसं कळणार? तपासणीपुरता हँडलरमध्ये एक पर्याय घाला: दर शंभरावा इंटरप्ट पोच देऊन टाकून द्यायचा, वाट पाहणाऱ्यांना उठवायचं नाही. वळसा बरोबर असेल तर स्क्रीन चालत राहते, मोजणी वाढते, लॉगमध्ये इशारा एकदाच येतो. मग दर दहावा टाका. मग सगळेच टाका. सगळे टाकूनही चाकं फिरत राहिली पाहिजेत, थोडी संथ असली तरी.

‘आयजीटी’ हा ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या चाचण्यांचा संच आहे; त्यातल्या व्हीब्लँकच्या आणि फ्लिपच्या चाचण्या चालवा. मशीन झोपवून उठवा, पुन्हा चालवा. झोपेतून उठल्यावर एमएसआयची मांडणी नव्याने होते, आणि वळसे नेमके तिथे विसरले जातात. ड्रायव्हर काढून पुन्हा घाला, आणि टायमर चालू असतानाच काढा. काढताना टायमर थांबल्याची खात्री करणारी ओळ नसेल, तर कर्नल तिथल्या तिथे कोसळेल, आणि ते तुमच्या टेबलावर कोसळलेलं बरं.

शेवटी मूळ मशीनवर, त्याच जागी, त्याच कामात चालवा. टेबलावर आणलेल्या मशीनला शेजारच्या यंत्रांचा भार नसतो, एप्रिलमधली शेडची उष्णता नसते, आणि लाइनवरची तीच यूएसबी उपकरणंही नसतात.

पॅच पाठवताना

संदेशात लक्षण, चिपचा आयडी, कर्नलची आवृत्ती, वळशाशिवाय आणि वळशासह इंटरप्टची मोजणी, आणि पायरी १ मधला ट्रेसचा तुकडा द्या. ‘स्क्रीन अडकत होती, आता अडकत नाही’ एवढ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, ठेवूही नये. कुठल्या जुन्या बदलामुळे दोष आला हे माहीत असेल तर ‘फिक्सेस’ची ओळ लिहा. ‘साइन्ड-ऑफ-बाय’शिवाय पॅच घेतला जात नाही. पाठवण्याआधी कर्नलच्या ‘स्क्रिप्ट्स’मधलं ‘चेकपॅच’ चालवा, आणि कुणाला पाठवायचं ते ‘गेट मेंटेनर’ला विचारा.

हरवलेल्या इंटरप्टांची मोजणी ‘डीबगएफएस’मध्ये, म्हणजे कर्नलची आतली माहिती फाइलींसारखी दाखवणाऱ्या फोल्डरमध्ये, वाचता येईल अशी ठेवा. दिवसातून एकदा तो आकडा वाचून फाइलीत लिहिणारी छोटी स्क्रिप्ट मशीनवर ठेवली, तर शिफ्ट बदलताना ऑपरेटर दादा फोनवर आकडा सांगू शकतात. आकडा वाढतोय पण स्क्रीन चालतेय, तर बोर्डाचा दोष अजून तिथेच आहे आणि वळसा काम करतोय. आकडा वाढत नाही आणि तरीही स्क्रीन अडकतेय, तर दुखणं दुसरं आहे. मग नवा ट्रेस घ्या आणि पायरी १ पासून निघा.